पीयूसी पास, हवा नापास

अंधेरीचा एस. व्ही. रोड असो, बोरिवली असो, मुलुंडचा एलबीएस मार्ग असो की घाटकोपर. पेट्रोल पंपाच्या कडेला पीयूसी केंद्र शोधायला फार फिरावे लागत नाही. कुठे टपरीवजा केबिन असते, कुठे जागच्या जागी उभी केलेली जुनी व्हॅन. कर्मचारी सायलेन्सरमध्ये नळी सरकवतो, नंबर प्लेटचा फोटो काढतो, पडद्यावर आकडे उमटतात आणि काही मिनिटांत प्रमाणपत्र हातात पडते. वाहनमालकाच्या लेखी विषय तिथे मिटतो. वाहतूक पोलिसाने अडवले तर दाखवायला कागद झाला.

ही गाडी रस्त्यावर धावताना हवेत काय सोडते, याचे उत्तर मात्र त्या कागदावर नसते. आठवड्यापूर्वी गॅरेजमध्ये जाऊन इंजिनाचा संगणकीय प्रोग्रॅम बदलून आणलेली गाडीही याच केंद्रातून तेवढ्याच सहजपणे पास होऊ शकते. त्यासाठी लाच द्यावी लागत नाही की यंत्रात फेरफार करावा लागत नाही. नियमाप्रमाणे, प्रामाणिकपणे चाचणी घेतली तरी गाडी पास होते. कारण चाचणीच मुळात वेगळा प्रश्न विचारते आहे.

पीयूसीचा आधार म्हणजे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ वा नियम. नव्या गाडीला पहिले वर्ष सूट असते. पुढे जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी आणि बीएस-४ किंवा त्यानंतरच्या मानकांच्या गाड्यांना वर्षातून एकदा चाचणी करावी लागते. पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्यांची तपासणी इंजिन निवांत सुरू असताना, म्हणजे ‘आयडलिंग’ला होते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ही दोनच मापे घेतली जातात. बीएस-४ नंतरच्या पेट्रोल मोटारीसाठी मर्यादा ०.३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि दशलक्षात २०० भाग हायड्रोकार्बन अशी आहे. नव्या मोटारींसाठी इंजिनाचे फेरे वाढवून आणखी एक मोजणी सांगितलेली आहे, पण तीही उभ्या गाडीची. डिझेल गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर मोकळ्या गिअरमध्ये पूर्ण दाबला जातो आणि बाहेर पडणारा धूर प्रकाश किती अडवतो ते पाहिले जाते.

या चाचण्यांची आखणी झाली तेव्हा त्या निरर्थक नव्हत्या. कार्ब्युरेटरच्या जमान्यात मिश्रण बिघडले की उभी गाडीही भकाभका धूर ओकायची. नळी लावली की दोष कळायचा. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांनी गाडीचे अंतरंगच बदलले. डिझेल मोटारीतून निघणाऱ्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आणि नायट्रोजनच्या ऑक्साइड्सची २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आली. इंधनातील गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर उतरवण्यात आले. त्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यांना आणि वाहन उद्योगाला हजारो कोटी रुपये खर्चावे लागले. गाडी वापरात आल्यावर तिची तपासणी मात्र जुन्याच वळणाने चालू राहिली. नायट्रोजनची ऑक्साइड्स पीयूसीत मोजलीच जात नाहीत. फुप्फुसांत खोलवर उतरणारे पीएम २.५ हे सूक्ष्म कणही मोजले जात नाहीत. ज्या दोन गोष्टींसाठी एवढा खटाटोप झाला, त्याच तपासणीतून वगळलेल्या आहेत.

ट्यूनिंगवाल्याचे काम इथे सोपे होते. आजच्या इंजिनात कोणत्या क्षणी किती इंधन फवारायचे, ठिणगी केव्हा टाकायची, टर्बोचा दाब किती ठेवायचा, हे ‘ईसीयू’ नावाचा छोटा संगणक ठरवतो. ताकद, इंधन बचत, इंजिनाचे आयुष्य आणि प्रदूषण या चौघांचा मेळ घालून कंपनीने त्याची कोष्टके लिहिलेली असतात. ‘रिमॅप’ करणारा लॅपटॉप जोडतो आणि ती कोष्टके बदलतो. ‘स्टेज वन’, ‘स्टेज टू’ अशा नावांनी हा धंदा चालतो. ग्राहकाला हवा असतो पिकअप, म्हणजे जोरात पळताना मिळणारी जादा ताकद. त्यामुळे बदल मुख्यतः जास्त भाराच्या, जास्त वेगाच्या कोष्टकांत होतात. आयडलिंगची कोष्टके बहुधा तशीच राहतात; त्यांना हात लावायचे कारणच नसते. आणि पीयूसीची नळी लागते ती नेमकी आयडलिंगला.

पेट्रोल इंजिनात एक भाग इंधनाला साधारण १४.७ भाग हवा मिळाली, तर तिहेरी काम करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालतो. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंच्या पातळ लेपावर कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स या तिन्हींचा निकाल लागतो. ताकदीसाठी इंधन वाढवले की पहिल्या दोन वायूंचे प्रमाण वाढते. कन्व्हर्टर काढून ‘फ्री-फ्लो’ नळकांडे बसवले, तर तिन्हींना रान मोकळे. कन्व्हर्टर नसलेली पेट्रोल मोटार निदान या चाचणीत सापडण्याची शक्यता असते. ताकदीच्या कोष्टकांत बदल केलेली, पण कन्व्हर्टर जागेवर असलेली गाडी बिनबोभाट निघून जाते.

डिझेलची गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि तिचा वेगाच्या हौसेशी फारसा संबंध नाही. बीएस-६ डिझेल गाडीत ‘डीपीएफ’ म्हणजे कण अडवणारी गाळणी असते. एका आड एक तोंडे बंद केलेल्या सिरॅमिकच्या बारीक नळ्यांतून धूर जातो आणि ९५ टक्क्यांहून अधिक काजळी भिंतींवर अडकते. साचलेली काजळी मधूनमधून सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळून टाकावी लागते. गाडी काही काळ एका लयीत, बऱ्या वेगाने धावली तर हे आपोआप होते. बोरिवलीहून अंधेरीला पश्चिम द्रुतगती मार्गावरून रांगत जाणाऱ्या किंवा घाटकोपर ते साकीनाका एवढ्यासाठी तासभर अडकणाऱ्या गाडीला ही संधी मिळत नाही. गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ओढत नाही. अधिकृत केंद्रात नवी गाळणी बसवण्याचा खर्च ऐकून मालकाचे डोळे पांढरे होतात. मग कुणीतरी सांगते, ‘काढूनच टाका, कटकट संपेल.’ गाळणी कापून काढली जाते, आणि ती नसल्याचा दिवा पुन्हा लागू नये म्हणून ईसीयूलाही तसे पढवले जाते.

म्हणजे हे करणारा दरवेळी रात्री शर्यत लावणारा पोरगा नसतो. तो घर आणि ऑफिस यांच्यामध्ये अडकलेला, चार माणसांसाठी मोठी डिझेल गाडी घेतलेला कुटुंबवत्सल गृहस्थही असतो. गाडी पीयूसी पास होते म्हणून त्याला वाटते, काही बिघडले नाही. डिझेलच्या धुराची बीएस-४ पासूनची पीयूसी मर्यादा इतकी सैल आहे की बरे इंजिन गाळणीविनाही तिच्या आत बसू शकते. गाळणीने अडवायचे असतात ते डोळ्यांना न दिसणारे कण. काळा धूर दिसला नाही याचा अर्थ कण नाहीत असा होत नाही.

या कणांविषयी वैद्यकशास्त्राला आता शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. अतिसूक्ष्म कण फुप्फुसांतून रक्तात उतरतात, रक्तवाहिन्यांचा दाह वाढवतात आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढवतात. नायट्रोजन डायऑक्साइडमुळे श्वासनलिकांना सूज येते, दमा बळावतो. आणि उन्हात त्याच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. पीएम २.५ साठी आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे, भारताची ४०. हा आठपट फरकच पुरेसा बोलका आहे. त्यात उपनगरांची घडण अशी की धूर आणि माणूस यांच्यात अंतर राहत नाही. रिक्षात दारे नाहीत, बसस्टॉप सायलेन्सरच्या उंचीवर, शाळेची फाटके रस्त्याला लागून. हिवाळ्यात वारे मंदावले की रस्त्यावर सोडलेले रस्त्यावरच रेंगाळते.

‘अशा गाड्या असून असून किती असणार?’ असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारला जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये याचा हिशेब मांडला होता. दहाएक वर्षांत तिथल्या साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांमधील प्रदूषणरोधक यंत्रणा काढून टाकल्याचा अंदाज निघाला. त्यांच्या आयुष्यभराच्या जादा उत्सर्जनाचा परिणाम आणखी ९० लाख धडधाकट ट्रक रस्त्यावर आणल्यासारखा होता. गाळणी काढलेली एक गाडी अनेक चांगल्या गाड्यांची पुण्याई पुसून टाकते, म्हणून संख्या थोडी असली तरी चिंता थोडी नाही. मुंबईत अशी मोजदाद व्हायची तर आधी तपासणीत हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपुस्तकातील तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल करायला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पण अंमलबजावणी कानाने चालते. पोलीस पकडतात ते फटाके फोडणारे सायलेन्सर. जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे छापून येतात. आवाजाचा त्रास खराच आहे, कारवाई योग्यच आहे. मात्र गाळणी काढलेली डिझेल गाडी आवाज करत नाही. आणि जो लॅपटॉप जोडून हे करून देतो, तो गॅरेजवाला जवळजवळ कधीच कारवाईच्या कक्षेत येत नाही.

प्रमाणपत्राच्या विश्वासार्हतेचा प्रश्न त्याहून वेगळा. दिल्लीतील वाहन प्रदूषणाविषयीचा महालेखापरीक्षकांचा (कॅग) अहवाल एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेत मांडला गेला. पेट्रोल, सीएनजी आणि एलपीजीच्या १.०८ लाख गाड्यांना मर्यादेपेक्षा जास्त उत्सर्जन असूनही प्रमाणपत्रे दिल्याचे त्यात आढळले. एकाच केंद्रात एकाच वेळी एकाहून अधिक गाड्या ‘तपासल्या’ गेल्याच्या हजारो नोंदीही सापडल्या. हा दोष एका शहराचा नाही, रचनेचा आहे. केंद्रचालकाला पैसे देतो तो वाहनमालक. त्याला नापास करणारा केंद्रचालक गिऱ्हाईक शेजारच्या केंद्राला बहाल करतो. आणि शे-दीडशे रुपयांच्या शुल्कात इंजिन नीट तापवून, अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबून, पुन्हा पुन्हा मोजणी घेण्याइतका वेळ देणे कुणाला परवडत नाही.

फसवणुकीचे हे तंत्र महाराष्ट्राला अपरिचित नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनचा घोटाळा उघड झाला. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करणारे सॉफ्टवेअर कंपनीने जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत बसवले होते. भारतात पुण्याच्या ‘एआरएआय’ने चाचण्या घेतल्या आणि कंपनीने ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याविरुद्ध कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. या प्रकरणात प्रयोगशाळेतील यंत्राला स्वच्छ धूर आणि रस्त्यावरच्या माणसाला मळका धूर, असा दुजाभाव होता. रिमॅप केलेली गाडी किरकोळीत तेच करते. तिला चाचणी ओळखण्याचीही गरज नाही, कारण चाचणी सदैव उभ्या गाडीचीच असते.

उपाय अवघड नाहीत आणि इतरत्र वापरूनही झाले आहेत. कॅलिफोर्नियात २००० सालापासूनच्या बहुतेक मोटारींची तपासणी मुख्यतः गाडीच्या स्वतःच्या निदान यंत्रणेशी, ‘ओबीडी’शी, तार जोडून होते. १९ जुलै २०२१ पासून तिथे ईसीयूतील सॉफ्टवेअर कंपनीचे मूळ आहे की बदललेले, हेही पाहिले जाते. मान्यता नसलेला प्रोग्रॅम सापडला तर गाडी नापास. मूळ प्रोग्रॅम परत टाका, मग या. ज्यांचे सुटे भाग आणि प्रोग्रॅम चाचणीअंती मान्य झाले आहेत, त्यांना मात्र मुभा आहे. भारतातील बीएस-६ मोटारींत ही यंत्रणा असतेच. तिच्यापर्यंत न पोहोचणारी आहे ती पीयूसी. मान्यतेचा मार्गही इथे नवा नाही. सीएनजी किटची मान्यता घेऊन नोंदणीपुस्तकात नोंद करावी लागते. ट्यूनिंग करणाऱ्यांनाही तीच वाट दाखवता येईल. जो प्रोग्रॅम चाचणीत उतरेल तो विका, बाकीचा विकणाऱ्यावर गुन्हा.

डिझेलसाठी युरोपने धुराचा काळेपणा पाहणे सोडून कण मोजायला सुरुवात केली आहे. बेल्जियमने जुलै २०२२ मध्ये, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ मध्ये आणि जर्मनीने त्याच वर्षी जुलैत नियमित तपासणीत कणमोजणी आणली. गाडी आयडलिंगला असतानाच ही मोजणी होते आणि गाळणी फुटलेली किंवा काढलेली असेल तर लगेच कळते. तिसरा मार्ग रस्त्याच्या कडेने धावत्या गाडीचा धूर प्रकाशकिरणांनी तपासण्याचा. दिल्ली आणि गुरुग्राममध्ये अशा पद्धतीने एक लाखाहून अधिक वाहने तपासली गेली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बीएस-६ टॅक्सींमधून खासगी मोटारींच्या तुलनेत दुपटीहून जास्त नायट्रोजन ऑक्साइड्स निघत असल्याचे त्यात दिसले. त्यांत सीएनजीवरच्या टॅक्सीही होत्या. ज्या उपनगरांत रिक्षा आणि टॅक्सी बहुतांशी सीएनजीवर चालतात, तिथे ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

आक्षेप दोन असतील. पहिला, रिक्षाचालकावर आणखी भुर्दंड कशाला? म्हणूनच कणमोजणीची सुरुवात डिझेल गाड्यांपासून आणि ओबीडी तपासणीची बीएस-६ मोटारींपासून व्हावी. दुसरा, मुंबईच्या हवेत बांधकामांची आणि रस्त्यांची धूळ आहे, मग वाहनांच्याच मागे का? धूळ आहेच आणि तिच्यावरही कारवाई हवी. पण सगळे कण सारख्याच जातीचे नसतात. रस्त्याची जाडी धूळ बरीचशी नाकात-घशात अडते. डिझेलची काजळी त्याहून कितीतरी बारीक असते आणि थेट खाली उतरते.

ही मुंबई धुराविरुद्ध पूर्वी एकदा जिंकलेली आहे. १९९९ मध्ये ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ची याचिका उच्च न्यायालयात आली. व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर आल्या. तेव्हा गाडीत जळते काय, या मुळालाच हात घातला गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या अभ्यासासाठी समिती नेमली. त्याच वर्षी परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी ‘पीयूसी नाही, तर इंधन नाही’ हे धोरण पुढे केले. हेतू चांगला आहे. पण ज्या प्रमाणपत्रात गाळणी आहे की नाही हेही कळत नाही, त्याची सक्ती पंपावर केली तर केंद्रांपुढच्या रांगा वाढतील आणि खोट्या प्रमाणपत्रांचा भावही. पंपावर कागद मागण्याआधी परिवहन विभागाने अंधेरी, बोरिवली आणि वडाळ्याच्या आरटीओत प्रत्येकी एक कणमोजणी यंत्र आणि ओबीडी वाचणारी एक तार ठेवून सहा महिने डिझेल गाड्या तपासून पाहाव्यात, आणि जे आकडे निघतील ते जाहीर करावेत. सक्ती कशाची करायची, हे त्यानंतर ठरवता येईल.